गिरणीतला हिरवा दिवा

आमच्या हुमनाबादच्या घरात इंटरनेट आलं ते थेट पिठाच्या गिरणीत. कारण नेट फोनच्या तारेतून येणार, आणि फोन गिरणीत होता. पुढे रस्त्याच्या अंगाला अप्पांची गिरणी, तिच्याच एका कोपऱ्यात फोन, आणि मागे आमचं राहतं घर. कॉम्प्युटर गिरणीत ठेवला असता तर आठवड्यात पिठाने भरून बंद पडला असता. मागे ठेवला तर मधे जांभ्या दगडाच्या हातभर जाड भिंती. वायफाय लावून पाहिलं, ते पहिल्याच भिंतीला दमलं. वायर ओढायला भोक पाडू म्हटलं, तर अप्पांनी साफ नकार दिला.

"भित्तीला भोक न्हाई पडायचं. उंदरं टपूनच बसल्यात."

मी तेव्हा हैदराबादला नोकरीला होतो. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाला सगळं कळतं असा घरच्यांचा समज होता आणि तो मोडायची मला काही घाई नव्हती. एका खेपेला मी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेऊन आलो. साबणाच्या वडीएवढे दोन पांढरे डबे. एक गिरणीत फोनजवळच्या प्लगात लावायचा, दुसरा मागच्या खोलीत कॉम्प्युटरजवळ. भिंतीतून विजेची तार आधीच गेलेली असते, तिच्यातूनच नेट आत पोचतं. अप्पांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"म्हंजे करंटबी त्याच तारंतून जायलाय आन् हे बी?"

"व्हय."

"दोघं भांडत न्हाईत?"

"न्हाईत."

"मग ह्या घरात कसं टिकायचं ते?" म्हणाले आणि जोंधळे ओतायला निघून गेले.

आमची आई, म्हणजे अव्वा, तिला त्या डब्याचा भरवसा कधीच वाटला नाही. विजेच्या तारेतून आलेली गोष्ट शॉक दिल्याशिवाय राहणार नाही, असं तिचं ठाम मत. माउसला हात लावायच्या आधी ती रबरी चप्पल घालायची.

आणि तारेत भांडण होतंच. गिरणी चालू झाली की नेट अडखळायचं, हे एक. दुसरं जास्त मजेदार होतं. आमच्याकडे गिरणीमुळे तीन फेज होते. तिन्हींत सारखी वीज असेल असा दिवस आमच्या गावाने बघितला नव्हता. एक फेज मेलेला, एक मरायला टेकलेला आणि एक बरा, असं चालायचं. म्हणून गिरणीतल्या बोर्डावर एक गोल खटका बसवलेला होता. तो फिरवला की राहतं घर एका फेजवरून दुसऱ्यावर जायचं. पंखा मंदावला की अप्पा खटका फिरवणार आणि ओरडणार, "आला का?" आतून अव्वा ओरडणार, "आला!" आमच्या घरात नवराबायकोचं दिवसभरातलं मुख्य बोलणं हेच.

फोनजवळचा प्लग मात्र कायम पहिल्या फेजवर होता. त्यामुळे घरही पहिल्यावर असेल तरच दोन्ही डबे एकमेकांना सापडायचे आणि डब्यावरचा हिरवा दिवा लागायचा. घर दुसऱ्या फेजवर गेलं की दिवा विझला, नेट बंद. हे मला कळायला दोन सुट्ट्या गेल्या. कळलं तेव्हा मी ते फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं. असली माहिती घरात सगळ्यांना वाटायची नसते.

ती कामाला आली बहिणीच्या स्थळाच्या वेळी.

बहीण दुबलगुंडीच्या शाळेत शिकवायची. रोज सकाळी डबा घेऊन गाडी पकडायची, संध्याकाळी खडूने पांढरी होऊन यायची. त्या नोकरीवर तिचा जीव होता. स्थळ बसवकल्याणचं, मुलगा मस्कतला. त्याला रजा नव्हती, म्हणून ठरलं असं की मुलाचे आईवडील आणि काका आमच्याकडे येतील आणि मुलगा कॉम्प्युटरवर दिसेल. बघण्याचा कार्यक्रम बाकी तसाच, मुलगा तेवढा काचेच्या आत.

आदल्या दिवशी बहीण माझ्याजवळ आली.

"अण्णा, मला त्यांच्याशी एकटीनं बोलायचंय. माझ्या नोकरीचं इचारायचंय."

"सगळ्यांसमोर इचार की."

"सगळ्यांसमोर त्यांचा काका उत्तर दील. मला काकाशी लग्न करायचं न्हाई."

तिचं म्हणणं मला पटलं. आमच्यात मुलीला मुलाशी एकटं बोलू द्या म्हणायची सोय नव्हती. तसं नुसतं म्हटलं तरी पाव्हणे चहा अर्धा टाकून उठले असते. पण आमच्या भागातली दुसरी एक रीत मला पाठ होती. वीज गेली की घरातला एकही पुरुष जागेवर बसत नाही. सगळे बोर्डापाशी जाऊन उभे राहतात आणि प्रत्येकाला त्यातलं कळत असतं. तेव्हा बेत सरळ होता. मी घर मेलेल्या फेजवर टाकायचं. पंखा बंद, नेट बंद. पुरुष बोर्डाकडे धावतील, अव्वा मुलाच्या आईला स्वयंपाकघरात नेईल. वीज आली तरी फिरू नये म्हणून बहीण पंख्याचं बटण बंद करून बसेल. मग मी गुपचूप खटका परत फिरवायचा आणि तिने पुन्हा कॉल लावायचा. कॉम्प्युटरला यूपीएस होताच.

पाव्हणे आले. अप्पांनी गिरणी बंद ठेवली होती, अंगात स्वच्छ सदरा होता, पण खांद्यावरचा पिठाचा टॉवेल काही सुटला नव्हता. आत जाता जाता काकांनी फोनजवळच्या डब्याकडे बोट केलं. "हे काय म्हनायचं?" झालं, मला चेव चढला. मी तिथेच उभं राहून सगळ्यांना समजावलं, "हा हिरवा दिवा दिसायलाय न्हवं काका, तो हाय तवर नेट आत पोचायलंय."

कॉल लागला. मुलगा दिसला, बरा होता. पण त्याला काही विचारलं की काका उत्तर द्यायचे. जेवण कोण करतं? काका. खोली केवढी आहे? काका. काका मस्कतला कधी गेले नव्हते. मी पाणी आणतो म्हणून उठलो आणि खटका फिरवला.

ठरल्याप्रमाणे सगळं झालं. पंखा थांबला, चित्र गोठलं, अव्वाने मुलाच्या आईला आत नेलं आणि पुरुष बोर्डाकडे आले. फक्त काका खटक्याच्या पुढ्यातच उभे राहिले. दोन्ही हात मागे बांधून त्यांनी फ्यूजवर व्याख्यान सुरू केलं. मला खटक्यापर्यंत हात नेता येईना. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला: खटका परत फिरवला की हिरवा दिवा लागणार, आणि त्याचा अर्थ मीच अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांना शिकवून ठेवला होता! मला घाम फुटला. आत बहीण वाट बघत बसली असेल.

तेव्हा अप्पा पुढे झाले.

"सरका पाव्हणं, शॉक बसंल."

काका सरकले. अप्पांनी खटका पहिल्या फेजवर आणला. कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकला आणि लागला. मी तो बघितला. अप्पांनीही बघितला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उकडल्यासारखं तोंड पुसलं आणि सहज टाकावा तसा त्या डब्यावर टाकला.

"आला का?" काकांनी विचारलं.

"न्हाई अजून," अप्पा म्हणाले. "थांबा जरा. हे लाइनवालं काम हाय."

आणि मग जन्मात दोन वाक्यं सलग न बोलणारे आमचे अप्पा बोलायला लागले. पहिल्यांदा मोटार बसवली तेव्हा पट्टा कसा तुटला, हायवेच्या लॉऱ्यांनी भिंत कशी हादरते, जोंधळा ओला असला तर जातं कसं चोंदतं. काका मधे तोंड घालायला बघत होते, पण गिरणीवाल्याचा आवाज मोटारीवर चढवायला शिकलेला असतो. मी नुसता बघत राहिलो. एवढा आनंद मला त्या घरात फार कमी वेळा झालाय.

बऱ्याच वेळाने बहीण चहाचा ट्रे घेऊन दारात आली. अप्पांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला.

"आला बगा," म्हणाले.

पाव्हणे गेल्यावर अप्पांनी तिला विचारलं, "काय म्हन्तीस?"

"नको."

"कामून?" अव्वा उसळली. "पोरगं एवढं चांगलं हाय की!"

"त्याला एक इचारलं अव्वा, मी शिकवत ऱ्हायले तर चालंल का. म्हनला, काकाला इचारून सांगतो."

 अव्वा हसायला लागली ती थांबेचना. पण एकदम हसू आवरून तिने विचारलं, "तू कवा इचारलीस?" बहीण माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे.

"नको म्हन्लीय न्हवं ती," अप्पा म्हणाले. "संपलं."

संध्याकाळी ते गिरणीत डब्यावरचं पीठ पुसत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"अप्पा, तुमाला कळलं हुतं?"

"काय?"

"हिरव्या दिव्याचं. तिचं."

"मला कुठलं कळायलंय तुमचं कॉम्प्युटरचं?" असं म्हणून ते पुसत राहिले. डबा चकचकीत झाला तरी त्यांचा हात थांबला नाही. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पुरला न्हवं तिला तेवढा येळ?"