तेविताची राहिलेली पाच मिनिटं

शेजारच्या लोसेने कुंपणावरून हाक मारली तेव्हा मी सुनेच्या योगामॅटवर पापड वाळत घालत होतो. "बाबा, तेविता गॉन," ती म्हणाली. आमचा पोरगा मला बाबा म्हणतो, तेच माझं नाव असं त्या घराला वाटतं. आणि मी शहाणा, हातात पापड घेऊन विचारतो काय, तर "गॉन व्हेअर?" ती आपल्या नवऱ्याबद्दल असं विचारणाऱ्या माणसाकडे नुसती बघत राहिली... मग कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून मी बोलतोय आणि सून लिहून घेतीये. मध्येच थांबते, नाक पुसते. म्हणते, ॲलर्जी आहे.

पुण्यात माझा मांडव घालायचा धंदा होता. लग्नं, सभा, सत्कार. रग्बीचा वर्ल्ड कप इथे झाला त्या वर्षी पोराने मला ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलला आणलं. शेजारी हा तेविता. दरवाजाएवढा माणूस, पण आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमची ओळख चोरीतून झाली. त्याच्या अंगणात अळू होतं, ही एवढाली पानं. मी स्टुलावर चढून कुंपणापलीकडे हात घातला, स्टूल सरकलं, आणि मी ओल्या चादरीसारखा कुंपणावर लोंबकळलो. पायातली एक जँडल इकडे, एक तिकडे. त्याने मला काखेत धरून उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "मागायचं ना, ब्रो!" मी अळुवड्या करून नेल्या, त्याने अकरा खाल्ल्या, आणि लोसेने मला झापलं की किडनीवाल्याला असलं चालत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी मी चोर पण झालो आणि खुनी पण व्हायचा राहिलो.

तो पॅसिफिकमधल्या एका छोट्या राज्यातला. नाव सांगत नाही, त्याच्या लेकींना अजून तिकडे जावं-यावं लागतं. तिथे राजा आहे. आणि ऐका आता, राजाच म्हणतोय की माझी सत्ता कमी करा, पंतप्रधान लोकांनी निवडू दे. कायदा त्यानेच पाठवलाय. अडवतंय कोण? पार्लमेंट! तिथे सरदार बसतात, बापजाद्यांपासूनच्या खुर्च्या. ते म्हणतात, जनता अजून तयार नाही. दोनदा त्यांनी राजाचा कायदा परत पाठवला. मी म्हटलं, "राजा सोडतोय आणि सरदार धरून बसलेत, हे कसलं उलटं?"

तेविता म्हणाला, "बाबा, राजाने सत्ता सोडली तरी तो राजाच राहतो. सरदाराने सोडली तर तो माझ्यासारखा होतो."

कायदा तिसऱ्यांदा येणार होता आणि एका-दोघांच्या मतावर अडलं होतं. त्यातला एक सरदार तेविताच्या गावचा. तेविताचा बाप त्याच्याच जमिनीवर राबून मेला. तेविताने त्याला तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. डॉक्टरने विमानाला साफ नाही म्हटलेलं. आणि एक दिवस कळलं, तो सरदारच ऑकलंडला येतोय, आपल्या लोकांना भेटायला, इथल्या चर्चच्या हॉलमध्ये. प्रार्थना, गाणी, जेवण, आणि शेवटी एकाच माणसाला बोलायला पाच मिनिटं. तेविताने हातापाया पडून ती पाच मिनिटं मिळवली. म्हणायचा, "पत्र त्याचा सेक्रेटरी वाचतो. तोंडावर बोललेलं त्यालाच ऐकावं लागेल."

त्यांच्यात रिवाज असा की सरदारापुढे जमिनीवर बसायचं, आपलं डोकं त्याच्यापेक्षा खाली. आणि तो उठला की बोलणं संपलं, मग तुमच्या घराला आग लागलेली का असेना. म्हणून दोन महिने गॅरेजमध्ये तालीम चालली. मी सरदार, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. तो खाली चटईवर, सुजलेले गुडघे मोडून. आधी त्याच्या भाषेत बोलायचा, मग माझ्यासाठी इंग्रजीत. त्याचे हाल बघून मला लाज वाटायची, पण खुर्ची काही सोडली नाही मी. आयुष्यात पहिल्यांदा मोठा माणूस झालो होतो.

आणि तिथेच माझ्या टाळक्यात किडा वळवळला. चाळीस वर्षं मी स्टेज बांधली. शाल घातली, नारळ दिला की भलेभले पुढारी विरघळताना पाहिले. म्हटलं, सरदाराला आधी जरा मऊ करू, मग तेविता बोलेल. कोणाला विचारलं नाही. सुनेची नवी शाल उचलली. अवोन्डेलच्या बाजारातून नारळ आणला, नारळाच्याच बेटावरच्या माणसाला द्यायला! फेटा माझा स्वतःचा.

जेवणं झाली. तेविता पुढे चटईवर बसलेला, शर्ट घामाने चिकटलेला. मी उठलो आणि माइकवाल्याला म्हटलं, "इंडियन कम्युनिटी, स्मॉल ऑनर, टू मिनिट." इंडियन कम्युनिटी म्हणजे मी एकटा. सरदार खूश! पण त्याचं डोकं केवढं, आणि फेटा तर बसला पाहिजे. दोनदा सोडला, तिसऱ्यांदा बांधला. टाळ्या पडल्या. मग बायका फोटोला आल्या, मग पाद्री आला, मग पोरं. तेविता खालून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं कौतुकाने बघतोय, मी त्याला अंगठा दाखवला... तेवढ्यात सरदाराच्या माणसाने घड्याळ दाखवलं. सरदार उठला. सगळा हॉल गप. तेविताचं तोंड उघडंच राहिलं आणि मान खाली गेली.

गाडीत मी म्हटलं, "तेविता, शिव्या घाल मला."

तो म्हणाला, "फेटा छान होता, ब्रो. हीप्स छान, एकदम छान." आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी आज जरा बरा झोपलो असतो.

तीन आठवड्यांनी तिकडे मतदान झालं. कायदा पडला. गावच्या सरदाराने विरोधात हात वर केला. त्याचं मत तेविताने फिरवलं असतं का? सून म्हणते, नसतं फिरलं, बाबा, तुम्ही उगाच लावून घेता. असेल. पण बोलून हरणं वेगळं. त्यानंतर तेविताने गॅरेजचं दार उघडलं नाही. डायलिसिसला जायचा, यायचा, पडून राहायचा. मी जोक सांगितले, कुंपणावर परत लोंबकळून दाखवलं. "स्वीट ॲज, बाबा, मस्त," म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

गेल्या रविवारी लोसेने मला गॅरेजमध्ये नेलं. म्हणाली, "तो काय बोलणार होता? मला कधी ऐकू दिलं नाही. म्हणायचा, हॉलमध्येच ऐक." ते बोलणं पूर्ण ऐकलेला जगात मी एकटा, तोही अंगठेबहाद्दर. मी खुर्चीत नाही बसलो. चटईवर गुडघे मोडून बसलो आणि माझ्या फुटक्या इंग्रजीत सुरू केलं. माय लॉर्ड, माझ्या बापाने तुमच्या जमिनीत कंद लावले. पहिला कंद दरसाल तुमच्या घरी आणला. राजा स्वतः म्हणतो, आता लोकांना द्या. तुम्ही म्हणता, लोक तयार नाहीत. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, माय लॉर्ड. मी कधी तयार होणार? मला तारीख सांगा.

इथे तेविता थांबायचा. म्हणायचा, त्याने उत्तर दिल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. आणि मी दर वेळी खुर्चीतून ओरडायचो, "नेक्स्ट ट्यूजडे!" तो पोट धरून हसायचा, मग पुढचं बोलायचा.

लोसे रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मीपण बघत बसलो. पुढचं वाक्य मला पाठ आहे... पण ते कसं बोलू? उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.