पत्र संपल्यानंतरची कॅसेट

शिरूर कासारला आमचं किराणा दुकान. गळ्यात लिंग आणि हातात तराजू, असं तीन पिढ्यांचं चाललेलं. नव्या शतकाच्या तोंडावर दुकानाच्या मागच्या खोलीत मी दोन कॉम्प्युटर बसवले आणि बाहेर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी लावली. गावाला वाटलं, वाण्याच्या सुनेला खूळ लागलं. गाव चुकत होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

गिऱ्हाईक यायचं ते निकाल बघायला, नाहीतर फॉर्म छापून घ्यायला. बाकीचा वेळ मशीन माझंच. फोनच्या तारेवरून चिरचिर करत इंटरनेट लागायचं, आणि एक पान उघडेपर्यंत माझी ताटभर डाळ निवडून व्हायची. पण उघडलं की मी सोडायची नाही. मांडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोश असायचा. मुंग्यांना वाट कशी सापडते, रात्री आभाळ काळं का दिसतं, मोठ्या शहरांत माणसाला शेजाऱ्याचं नाव का माहीत नसतं. हे शेवटचं वाचून मी मोठ्यानं हसले होते. आमच्या गल्लीत एक शिंकला तर तीन घरांत काढा उकळतो. वाचलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. साखर घ्यायला आलेल्या बाईला मी मुंग्यांचं सांगून मोकळी व्हायची. आमचे मालक म्हणायचे, “पाटी गावासाठी लावली, आन वाचनारी तू एकटीच.”

“मग गावाला सांगनारी बी मीच,” मी म्हणायची.

त्यातच एकदा ते पान सापडलं. पोटातलं मूल आईचा आवाज ऐकतं, आणि जन्मल्यावर दहा बायकांत तो ओळखतं, असं त्यात लिहिलं होतं. तीनदा वीज गेली, तरी मी ते पुरं केलं.

आमच्याकडे पावसाळ्यात धान्य निवडायला एक बाई यायची. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत. तिचा थोरला दोन वर्षांचा असताना तिनं त्याला सासूपाशी ठेवलं होतं. परत आली तेव्हा तो आजीच्या पाठीमागं दडला आणि हिला ‘मावशे’ म्हणाला. हे ती हसत सांगायची, पण दर वर्षी सांगायची. आता धाकटी दीड वर्षाची झाली होती. मागच्या साली फडावरच्या उसाच्या पाल्याच्या कोपीत थंडीनं फार आजारी पडली, म्हणून या साली तिलाही ठेवून जायचं ठरलं होतं.

“वळखंल का वो मला, आक्का?” सुपातले खडे वेचता वेचता तिनं विचारलं.

“कावून न्हाई वळखायची? शास्तर हाय त्यात,” मी म्हणाले. मी शब्दच देऊन टाकला.

आणि लागले कामाला. घरातला टेपरेकॉर्डर काढला, कोरी कॅसेट घातली, सगळ्यांना बाहेर घालवून शटर अर्धं ओढलं. ती डोक्यावर पदर घेऊन फोटोला बसावं तशी बसली, मांडीवर पोर. काय बोलू, म्हणाली. तोडीवरून घरी धाडायची पत्रं ती कुणाकुणाला सांगून लिहून घ्यायची, ती मी तिच्या सासूला वाचून दाखवलेली होती. “पत्र सांगतीस तसं सांग,” मी म्हणाले. लांबच्या माणसाशी बोलायची आम्हा दोघींना तेवढी एकच रीत ठाऊक होती.

तिनं घसा साफ केला आणि मांडीवरच्या पोरीला सांगू लागली, “चिरंजीव बाळास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, आमी इकडं खुशाल हाओत, तुमची खुशाली कळवावी. थोरामोठ्यांस नमस्कार.” एकदा अडखळली, तर मी पुन्हा म्हणून घेतलं. शाळेतल्या पोरानं धडा म्हणावा तसं उतरलं, तेव्हा कुठं माझं समाधान झालं. तेवढ्यात कुणी शटर वाजवलं. मी तेलाचं गिऱ्हाईक करून आले आणि टेप बंद केला.

दिवाळीनंतर तोडकऱ्यांचा ट्रक गेला. सासू रोज सकाळी पोरीला घेऊन दुकानात यायची, मी कॅसेट लावायची. पहिल्या दिवशी पोरीनं मशीनकडं जरा पाहिलं आणि शेंगांच्या पोत्याकडं गेली. दुसऱ्या दिवशी पाहिलंही नाही. पत्र संपलं की मी कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावायची. पंधरा दिवस, महिना. पालथ्या घड्यावर पाणी. मला राग आला, आधी पोरीचा, मग त्या पानाचा. तिकडच्या लेकरांचे कान वेगळे असतील, असंही मी म्हणून पाहिलं. खरं तर भीती वाटत होती. शास्त्राच्या जिवावर मी एका आईला सांगून बसले होते.

एके दिवशी पत्र चालू असतानाच फॉर्म छापायला कुणी आलं. मी मागच्या खोलीत गेले, कॅसेट तशीच चालू राहिली. पत्र संपलं. नुसती खरखर झाली, मग शटरचा खडखडाट, आणि मग तिचा आवाज. “अगं, काय घातलं तोंडात? माती खाती व्हय? आ कर. आ कर बघू, माझी बाय.”

मी दारात आले. पोर मशीनपुढं उभी होती, मान वर करून, तोंड होईल तेवढं उघडून. कुणी बोट घालून माती काढील म्हणून ती थांबली होती.

“अगं माय,” सासू म्हणाली.

मला रडू आलं, आणि स्वतःचा राग आला तो वेगळाच. शब्दकोशात बघून बघून वाचलं, पण पत्रातला तो धडा म्हणायचा आवाज पोरीनं जन्मात कधी ऐकला नव्हता, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही. त्या दिवसापासून मी पत्र बंद केलं. कॅसेट पुढं नेऊन तेवढाच तुकडा लावायची.

पाडव्याच्या सुमारास कारखान्यांचा पट्टा पडला, हंगाम संपला, ट्रक आला. दुकान मालकांवर टाकून मी त्यांच्या वस्तीवर गेले. ती उतरली. उन्हानं काळवंडली होती, हातांवर पाचटाचे ओरखडे होते. पोर आजीच्या लुगड्यामागं दडली. आई चार पावलं अलीकडंच थांबली, खाली बसली, हात पुढं करून “ये गं” म्हणाली. पोर आणखी मागं सरली.

तिनं माझ्याकडं पाहिलं. “तुमी तर म्हनला होतात, आक्का.”

“तिच्या तोंडात काय हाय, इचार,” मी म्हणाले.

तिला काही कळलं नाही, पण तिनं विचारलं. “काय घातलं गं तोंडात? आ कर बघू.”

पोर लुगड्यामागून बाहेर आली, तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. तरी आई बराच वेळ वाकून आत बघत राहिली.