लालबागला आणलेला फिश टँक

आई गेल्यावर बाबांनी बोलणं बंद केलं. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी शेजाऱ्यांशी, मग फोनवर नातेवाइकांशी, मग माझ्याशी. मी दादरला एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. सकाळी जाताना मी "जेवण झाकून ठेवलंय" म्हणायचे, संध्याकाळी आल्यावर "जेवलात का" विचारायचे, आणि दोन्हींना मिळून एक मान हलायची. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, धक्का बसलाय, मन रमेल असं काहीतरी बघा. मन रमवायला मी कॅरम आणला, रेडिओ आणला, गॅलरीत चार कुंड्या आणल्या. कॅरम पलंगाखाली गेला आणि कुंड्यांना पाणी मीच घालत राहिले.

मग एकदा परळच्या त्याच डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. तिथे भिंतीला लागून फिश टँक होता. बाबा त्याच्यासमोर बसले होते आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालून. अचानक आवाज आला, "त्या पांढऱ्याला बाकीचे खाऊ देत नाहीत." मी वर बघितलं. बाबा माशाकडे बोट दाखवत होते. पाच महिन्यांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. नवा मोठा टँक मला परवडणारा नव्हता, म्हणून मी सेकंडहँड शोधायला लागले.

बाबांना मात्र सांगितलं की टँक मला हवाय. मला हौस आहे, शाळेतल्या बाईंकडे आहे, आपल्याकडे पण पाहिजे. त्यांच्यासाठी म्हणून आणलेल्या प्रत्येक वस्तूचं काय झालं होतं ते मला माहीत होतं. औषध गुळात घालून द्यावं तसा हा प्रकार. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

गिरगावात एका जुन्या इमारतीत टँक मिळाला. आणायला जाताना बाबांनाही सोबत नेलं. इमारत पाडून तिथे टॉवर होणार होता, बहुतेक बिऱ्हाडं गेली होती, जिन्यात लोकांनी टाकून दिलेल्या खुर्च्या पडल्या होत्या. टँकचे मालक निवृत्त गृहस्थ, बाबांच्याच वयाचे, शुद्ध स्वच्छ बोलणारे. मुलाच्या फ्लॅटवर राहायला चालले होते आणि सुनेने टँकला नाही म्हटलं होतं. चार फुटी टँक, मागच्या काचेला निळा कागद, आत सहा गोल्डफिश, तळहाताएवढे, आणि त्यातला सर्वांत मोठा पांढरा, डोक्यावर लाल टोपी घातल्यासारखा. तो नऊ वर्षं त्यांच्याकडे होता. पैशांचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. माशांचं बोलणं तासभर चाललं.

त्यांनी एक कागदही लिहून ठेवला होता. सुवाच्य अक्षर, क्रमांक घालून. किती खायला घालायचं, दिवा किती वेळ. शेवटी लाल शाईने दोन ओळी: जुनं पाणी टाकू नका. फिल्टरचा स्पंज धुवू नका. ते मला तोंडीही तेच सांगत होते आणि मी हो हो म्हणत होते, कारण टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. निघताना ते टँककडे बघायचं टाळून बाबांना म्हणाले, "दर रविवारी फोन केला तर चालेल ना?" बाबांनी मान हलवली. दोघांचं पटलं असं मला वाटलं.

टँक उचलायला आमच्या चाळीच्या मंडळाचे पाच जण आले होते. दर वर्षी गणपती आणणारी हीच माणसं, त्यामुळे जड आणि नाजूक वस्तू कशी हलवायची हे जगात फक्त आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज, आणि तो अगदीच खोटा नव्हता. टँकखाली फळी घातली, फळीखाली हात घातले, वरच्या कडेला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही असा हुकूम सुटला. टेम्पोत मी घरून नेलेली गादी अंथरली. मासे जुन्या पाण्यासकट दोन बादल्यांत होते. एक बादली मी मागे टँकजवळ धरून बसले. दुसरी, लाल टोपीवाल्याची, बाबांनी स्वतःहून मागून घेतली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी पायांत धरून बसले.

ग्रँट रोड, भायखळा करत टेम्पो बैलगाडीच्या चालीने लालबागला आला. केबिनच्या मागच्या छोट्या काचेतून मला बाबांची मान दिसत होती. ती बादलीवर वाकलेली होती आणि हलत होती. ते बोलत होते. ड्रायव्हरशी नाही, माशाशी. काय बोलत होते ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. माझं सगळं अंग घामाने भिजलेलं, गुडघ्यावर बादलीचं पाणी सांडलेलं, आणि मी वेड्यासारखी हसत होते. त्या अर्ध्या-पाऊण तासाइतकी सुखी मी आई गेल्यानंतर कधी झाले नाही.

चाळीच्या जिन्यावर मंडळाचा वेगळाच पेच निघाला. गणपती नेताना मूर्तीची पाठ पुढे करायची नाही ही यांच्या हाताला लागलेली सवय. टँकला तोंड कुठलं आणि पाठ कुठली? निळा कागद ती पाठ, हे एकाने ठरवलं. मग तीन मजले तो टँक तोंड पुढे करूनच चढला, आणि दर वळणावर जिथे नुसता तिरका करून निघाला असता तिथे पुन्हा दोन पायऱ्या खाली घेऊन फिरवावा लागला. मी म्हटलं, अहो, काच आहे ती, तिला कसली पाठ. माझं कोण ऐकतो. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर एकाने सवयीने "मोरया" म्हटलं, बाकीच्यांनी साथ दिली, आणि मागून बादली घेऊन एकेक पायरी चढणारे बाबा हसले. आवाज करून हसले. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे बघून डोळे पुसले.

इथपर्यंतची गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकते. पुढची सांगायला जीभ रेटत नाही.

आमच्याकडे बाहेरून आलेली वस्तू आधी मोरीत जाते, मग घरात. आईचा नियम. भाजी असो, नवं पातेलं असो, कोणाकडून परत आलेला डबा असो. दुसऱ्याच्या घरची वापरलेली वस्तू असेल तर विचारूच नका. राखेने, चिंचेने, उकळत्या पाण्याने तिचं पूर्वायुष्य पुसून टाकल्याशिवाय आई तिला फळीवर जागा देत नसे. आणि इथे तर चांगला चार फुटी टँक, कोपऱ्यांत हिरवट बुळबुळीत थर, खड्यांत काळा गाळ, स्पंज तर हातात धरवेना असा. सगळा मजला बघायला येणार होता. लाल शाईच्या ओळी माझ्या पर्समध्ये होत्या आणि मी त्या विसरले नव्हते. हे मुद्दाम सांगते. विसरले असते तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. मला वाटलं, म्हातारा माणूस, एकटा, त्याच्याने होत नसेल साफसफाई, म्हणून त्याने त्याला नियमाचं नाव दिलंय.

गॅलरीत टँक आडवा करून मी भांड्यांच्या पावडरीने घासला. खडे मोरीत सात पाण्यांनी धुतले. स्पंज उकळत्या पाण्यात पिळला, पुन्हा पिळला, पाणी नितळ येईपर्यंत पिळत राहिले. खालच्या मजल्यावरून पाणी गळतंय म्हणून आरडाओरडा झाला, तोही ऐकून घेतला. आदल्या दिवशीच भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी टँकमध्ये ओतलं, मासे जाळीने उचलून आत सोडले आणि बादल्यांतलं पिवळट जुनं पाणी मोरीत ओतून दिलं. दिवा लावला. टँक असा लखलखत होता की आई असती तर म्हणाली असती, आता कसं माणसांच्या घरातलं दिसतंय. बाबा खुर्ची ओढून समोर बसले. मला म्हणाले, "बाय, लाईट थोडा कमी कर. त्यांच्या डोळ्यांवर येतो."

तीन दिवस ते रोज काहीतरी बोलले. मी ऑफिसातून आले की बातमी तयार असायची. टोपीवाला आज दोनदा वर आला. बारका घाबरट आहे. बुधवारी बातमी अशी होती की बारका मेला. पाणी दुधासारखं झालं होतं आणि उरलेले मासे वर येऊन तोंड उघडत होते. मला वाटलं, माझ्या धुण्यात कसर राहिली. म्हणून मी सगळं पुन्हा काढलं आणि पुन्हा धुतलं, पहिल्यापेक्षा कडक. बाबा मध्ये एकदा म्हणाले, "राहू दे आता." मी म्हटलं, तुम्ही बसा हो, मला माहितेय.

शनिवारपर्यंत आणखी दोन गेले. त्या दिवशी मी दादरला मासे विकणाऱ्या दुकानात गेले, शोभेचे मासे, आणि काय झालं ते सांगितलं. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, स्पंज धुतला का? त्याने शांतपणे समजावलं की त्या बुळबुळीत मळात जिवंत जंतू असतात, माशांची घाण तेच खातात, वर्षानुवर्षं वाढतात. ते मेले की मासे आपल्याच घाणीच्या विषात पोहतात. आता परत ते व्हायला महिना-दोन महिने लागतात, तोवर थोडं थोडं पाणी बदलत राहा आणि देवावर सोडा. मी दुकानातून बाहेर आले आणि फुलं, भाज्या, फेरीवाले, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले. मला कोणीतरी मारायला हवं होतं असं वाटत होतं.

रात्री जेवताना मी बाबांना खरं ते सांगितलं. माझ्यामुळे झालं, मला धुवू नको म्हणून लिहून दिलं होतं, तरी मी धुतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाताचा घास उचलला. रागावले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गिरगावच्या गृहस्थांचा ठरल्याप्रमाणे फोन आला. खातात का नीट? मी म्हटलं, हो, छान आहेत. टोपीवाला? मजेत आहे. तो खरंच अजून जिवंत होता, तेवढंच काय ते खरं. त्याच्या पुढच्या रविवारी फक्त तोच उरला होता आणि मी सांगितलं की सगळे आता घरच्यासारखे झालेत. ते म्हणाले, मुलाच्या फ्लॅटवर बसून बसून कंटाळा येतो, एकदा बघायला येईन म्हणतो. मी म्हटलं, या ना. बाबा समोर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांच्या बातम्या केव्हाच बंद झाल्या होत्या.

लाल टोपीवाला शुक्रवारी गेला. मी कामावरून आले तेव्हा बाबांनी त्याला स्वतः हाताने बाहेर काढून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. तीन मजले उतरून आम्ही चाळीच्या मागे पिंपळाच्या बुंध्याशी त्याला पुरलं. 

रविवारी फोन वाजला तेव्हा मी भाजी चिरत होते. हात पुसून उठेपर्यंत बाबांनी माझा मोबाइल उचलला होता. कित्येक महिन्यांत त्यांनी फोनला हात लावला नव्हता.

"मी तिचा बाप बोलतोय," ते म्हणाले. "मेले हो सगळे. टोपीवाला परवा गेला."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "नाही, तिला काही बोलू नका. तिला वाटलं होतं, मी बरा होईन."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पलीकडचे गृहस्थ अजून काहीतरी बोलत होते. मी तो घेतला आणि न ऐकताच बंद केला. टँक बाबांसाठी आहे हे मी चाळीत, ऑफिसात, डॉक्टरांकडे, कुठेच बोलले नव्हते. त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी हौस म्हणून मी जे नाटक केलं, ते त्यांनी माझ्यासाठी पुढे चालवलं होतं, आणि त्यातलं त्यांचं बोलणं-हसणं किती खरं होतं हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी मोरीच्या कट्ट्यावर बसून रडले. त्यांनी बघितलं, पण उठून आले नाहीत. नंतर मी अर्धवट राहिलेली भाजी चिरली, फोडणीला टाकली, त्यांना वाढलं. ते जेवले. त्यांना बरं करायचं म्हणून त्यानंतर मी काहीही आणलं नाही, आणि त्यालाही आता वर्ष झालं.