युराय हावर्लाकची पाणसळ

युराय हावर्लाकने सव्वीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात भट्ट्यांच्या आतल्या विटा रचल्या. छातीने दगा दिल्यावर तो नदीकाठच्या बेसबॉल मैदानाच्या देखभालीला लागला. कारखान्यातून त्याने एकच वस्तू सोबत आणली होती, सपाटी तपासायची हातभर लांबीची लाकडी पाणसळ. रोज सकाळी फक्की मारण्याआधी हद्दीच्या दोन्ही रेघांच्या जागी तो ती ठेवून पाहायचा. खेळाडू हसायचे. तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

१९५१ च्या सप्टेंबरात मोसमाचा शेवटचा सामना आमच्याकडे होता. क्लब खालच्या श्रेणीतला, पण पगारी. दोन्ही संघांचे विजय सारखे. आज जिंकेल त्याचं अजिंक्यपद. पाहुण्या संघातल्या लॉनी ट्रिपची एक खोड होती. तो बॅट नुसती आडवी धरायचा, चेंडू तिसऱ्या बेसच्या रेघेलगत सोडायचा आणि पहिल्या बेसकडे सुटायचा. चेंडू रेघेबाहेर घरंगळला तर फटका वाया. आत राहिला तर ट्रिप सहसा सापडत नसे.

सकाळी आमचा मॅनेजर क्लेटन बर्क युरायकडे आला. तिसऱ्या बेसच्या बाजूच्या मातीला इंचभर उतार दे, बाहेरच्या अंगाला, असं त्याने सांगितलं. युराय नाही म्हणाला.

"अरे, सगळेच क्लब करतात."

"करत असतील. इथली रेघ मी आखतो."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं, नाही येत."

बर्क हसत निघून गेला. युराय एकसष्ट वर्षांचा, दम लागणारा माणूस; दुसरीकडे कोण ठेवून घेणार? तोंडाने नाही म्हणेल, पण करेल, असा त्याचा हिशोब. तिसऱ्या बेसपाशी चेंडू अडवणाऱ्या आमच्या हॅल प्रेंटिसला त्याने बजावलं, "रेघेलगत आला तर हात लावू नकोस. आपोआप बाहेर जाईल."

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत दोन-दोन. पाहुण्यांचे दोन गडी बाद, एक धावपटू तिसऱ्या बेसवर, बॅट ट्रिपच्या हातात. त्याने चेंडू नेमका तिथेच सोडला. प्रेंटिस चार ढांगांत पोहोचला. उचलून पहिल्या बेसकडे फेकला असता तर ट्रिप बाद होता. तो वाकला आणि थांबला. चेंडू फक्कीवरून हळूहळू येत होता. प्रेंटिस त्याच्यासोबत वाकूनच मागे सरकत राहिला. साडेतीन हजार माणसं चेंडू बाहेर जायची वाट पाहत होती. तो रेघेवरच थांबला, म्हणजे आतच. तोवर तिसऱ्या बेसवरचा धावपटू होम प्लेटवर पोहोचून धाव पुरी झाली होती आणि ट्रिप पहिल्या बेसवर उभा होता.

आमचे शेवटचे तीन गडी झटपट गेले. तीन-दोन.

बर्क टोपी फेकून युरायच्या अंगावर धावला. यानेच घात केला, माती आत ओढून ठेवली, असं तो पंचांसमोर ओरडत होता. युराय शेडमध्ये गेला आणि पाणसळ घेऊन आला. चेंडू थांबला होता तिथे त्याने ती रेघेवर आडवी ठेवली आणि बाजूला झाला.

"प्रेंटिस, बघ. मग तूच सांग यांना."

प्रेंटिस गुडघ्यावर बसला. बुडबुडा दोन खुणांच्या बरोबर मध्ये होता. "सपाट आहे," तो बर्ककडे न पाहता म्हणाला.

कठड्यावरून युरायच्या गल्लीतला ओंद्रेय ओरडला, "युरो, इंचभर माती महाग झाली होती का रे?"

"फुकट होती," युराय म्हणाला. "उद्या ये, घेऊन जा."

मग रोजच्यासारखं त्याने मैदानावर दाताळं फिरवलं, चेंडू टाकणाऱ्याच्या उंचवट्यावर ताडपत्री ओढली, होज गुंडाळला. बर्क फाटकापाशी उभा होता. युरायने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातावर ठेवला. पाणसळ काखेत होती.

"नव्या माणसाला सांगा," तो म्हणाला, "तिसऱ्या बाजूला काही करायला नको. ती नीट आहे."