बांधलेला डावा हात

नवरा गेला तेव्हा माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. त्यानंतरच्या दोनेक वर्षांतलं मला फारसं काही आठवत नाही. कोण भेटायला आलं, कोण काय बोललं, त्या साली कांद्याला भाव होता की नव्हता, सगळं पुसल्यासारखं झालंय. आठवतात ते मुलाचे हातपाय. त्याला काय जमत होतं आणि काय जमत नव्हतं, एवढंच.

आम्ही वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा तिथल्या कारखान्यात फिटर होता. विषमज्वराचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. खोली सोडावी लागणार होती, ती सोडली. भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि आम्हा दोघांना कळसला, माझ्या माहेरी, घेऊन गेला. वाटेत मी रडले नाही. भावाला वाटलं, बहीण धीराची आहे. तसं काही नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा घेतला तरी कळत नाही. माझं सगळ्या अंगाचंच तसं झालं होतं.

भावाच्या घरी भाऊ, वहिनी आणि आमची म्हातारी आत्या. भावाला मूलबाळ नव्हतं. कालव्याच्या पाण्यावर वांगी, घेवडा, कांदा निघायचा आणि इंदापूरच्या बाजाराला जायचा. मी ओट्यावर बसून असायचे. सांगितलेलं काम करायचे, पण भाकरी तव्यावर टाकली की ती करपेपर्यंत तिच्याकडे नुसतं बघत राहायचे. मग वहिनीनं मला चुलीपुढं बसवणं सोडून दिलं.

मुलगा समोर खेळायचा. क्वार्टरच्या दारात दोनच पायऱ्या होत्या. तिथं तो एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची चढायचा. इथल्या ओट्याच्या पायऱ्या उंच होत्या, दगडी. पहिले काही दिवस उतरताना तो पालथा व्हायचा, पोटावर घसरत यायचा आणि पाय खाली सोडून जमीन चाचपडायचा. पुढं भिंतीला हात लावून उभ्यानं उतरायला लागला. मी बघत होते. कौतुक वाटत नव्हतं. डोळ्यांपुढं होतं म्हणून दिसत होतं.

वहिनी घेवडा निवडायला बसली की त्याच्यापुढंही मूठभर शेंगा टाकायची. तो अख्ख्या मुठीत शेंग धरायचा आणि तिचा चेंदा करायचा. आत्या म्हणायची, "नासाडी करतंय की गं."

"करू द्या. त्याच्या वाटणीच्या हायत त्या," वहिनी म्हणायची.

हळूहळू मूठ उघडली. आधी सगळी बोटं एकदम पुढं यायची, मग नुसता अंगठा आणि शेजारचं बोट. एके दिवशी त्यानं शेंगेचं टोक मोडून शीर शेवटपर्यंत ओढून काढली आणि ती आणून माझ्या गुडघ्यावर ठेवली. मी ती तशीच राहू दिली.

हे सगळं तो डाव्या हातानं करायचा. घास घ्यायलाही डावाच हात पुढं यायचा. ते आत्याच्या ध्यानात आलं.

"पोरगं डावखुरं हाय," ती भावाला म्हणाली. "आत्ताच वळण लावाय पायजे. उद्या पंगतीत डावा हात घालंल, लोक काय म्हणतील? बिनबापाचं हाय म्हणून कुणी शिकवलं न्हाय, असंच म्हणतील."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी अंगणाकडे बघत होते. आत्यानं जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि मुलाचा डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळून गाठ मारली. "गंमत हाय बघ, हाताला झोपवलंय," असं त्याला म्हणाली. आत्या दुष्ट नव्हती. त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू तीच करायची. तिला खरंच त्याचं भलं करायचं होतं.

आधी पट्टी जेवणापुरती होती. मग ती दिवसभर राहायला लागली.

पहिल्या दिवशी तो रडला, दातांनी पट्टी ओढायला गेला. नंतर रडायचा थांबला. फुलपात्रात पाणी ओतायला तो नुकताच शिकला होता, ते आता सांडायला लागलं, म्हणून त्यानं ओतणंच सोडलं. शेंगांपुढं बसायचा, पण उजव्या हाताची मूठ पुन्हा अख्खी वळायची, आणि जरा वेळानं उठून जायचा. ओट्यावरून उतरताना परत पोटावर पालथा व्हायला लागला. जे येत होतं ते एकेक करून जात होतं. शेवटी तो कुठं जाईनासाच झाला. माझ्या शेजारी येऊन बसायचा. बांधलेला हात मांडीवर ठेवून, मी बघायचे त्याच दिशेला बघायचा.

एका दुपारी वहिनी शेतातून आली. दारातच थांबली आणि आम्हा दोघांकडे बघत म्हणाली, "वन्सं, ह्यो तुमच्यासारखा बसाय लागला की वो."

एवढं बोलून ती पाणी प्यायला आत गेली. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. खरंच तो माझ्यासारखा बसला होता. डोळे उघडे, पण कशावर ठरलेले नाहीत. भरून आलं, ऊर फुटला, असं काही मला झालं नाही. मी फक्त त्याचा हात ओढून घेतला आणि गाठ सोडायला लागले. गाठ आवळून बसली होती. माझ्या बोटांनाही बरेच दिवस काही बारीक काम नव्हतं, ती सरकत राहिली. शेवटी दातांनी सोडवली.

आत्या लगबगीनं आली. "अगं, काय करतीस?"

"सोडतीय."

"वळण बिघडंल त्याचं."

"त्याचा बाप डावखुरा होता."

आत्या खाली बसली. मी पुढं बोलत गेले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "लोखंडावर कानस डाव्या हातानं चालवायचे. हातोडाबी डाव्याच हातात. जेवायचे तेवढं उजव्या हातानं. तुमी त्यांना जेवतानाच बघितलंय, म्हणून तुमाला ठावं न्हाय."

पट्टीखाली हात पांढरट पडला होता आणि ओला लागत होता. मुलानं बोटं उघडली, मिटली, परत उघडली.

वहिनी आतून बाहेर आली. "आत्याबाई, जेवताना उजवा हात. ते मी शिकवते. बाकीचं त्याला जमंल तसं करू द्या."

आत्यानं पट्टी उचलली, झटकली आणि घडी करून कमरेला खोचली. "बापावर गेलंय म्हणायचं," एवढंच बोलली. त्यानंतर ती त्याला लाडू द्यायची तेव्हा उजव्या हातात कोंबायची नाही. मधोमध धरायची आणि कुठला हात येतो ते बघायची.

पुढचं सावकाश झालं. फुलपात्र पुन्हा भरायला लागलं. घेवड्याच्या शिरा निघायला लागल्या. मळ्यात पाण्याचा लहानसा पाट होता. तो त्याच्या काठाला उभा राहून गुडघे वाकवायचा, हात मागं न्यायचा आणि नुसताच ताठ व्हायचा, पाय जमीन सोडायचे नाहीत. मग एकदा सुटले, ते थेट पाण्यात. चिखलानं भरलेला तो माझ्याकडे वळून हसला. मला हसू आलं नाही, पण मी उठून त्याला धुतलं. ज्या दिवशी तो पलीकडे कोरडा पोचला, त्या दिवशी वहिनी वांग्यांच्या सऱ्यांतून ओरडली, "वन्सं, बगितलं का?"

"व्हय, बघितलं," मी म्हणाले.

शाळेत घातल्यावर मास्तरांनी पेन्सिल उजव्या हातात दिली आणि तो उजव्या हातानं लिहायला शिकला. अक्षर कधी चांगलं आलं नाही. पण गोट्या, विटीदांडू, पुढं कारखान्यातलं काम, सगळं डाव्या हातानं, आणि जेवण वहिनीनं लावलेल्या वळणानं. मी परत माणसांत कधी आले ते मात्र मला सांगता येत नाही. तसा एखादा दिवस नव्हता. भाकऱ्या करपायच्या थांबल्या होत्या, एवढं खरं.

मुलगा शाळेत रुळल्यावर बारामतीला नव्यानं निघालेल्या एका बालवाडीत मला मदतनिसाचं काम मिळालं. आम्हाला शिकवायला एक बाई यायच्या. मूल आधी खांद्यातून हात हलवतं, मग कोपरातून, मग मनगटातून, बोटांवर ताबा सगळ्यात शेवटी येतो, असं त्या एके दिवशी फळ्यावर चित्र काढून सांगत होत्या. मुलाचा हात त्याला हवा तेव्हा आणि हवा तसा चालू द्यावा, मध्ये अडवू नये, असंही म्हणाल्या. बाकीच्या बायका लिहून घेत होत्या. मी नुसती ऐकत होते.

"तुम्ही लिहून घेत नाही? ठाऊक आहे वाटतं सगळं," बाई हसून म्हणाल्या. "किती मुलं वाढवलीत?"

"एकच," मी म्हणाले. "तेबी भावजयीनं."

मुलांची पाणी प्यायची वेळ झाली होती. मी उठले आणि पेले मांडायला गेले.