सगुणाची दोन तऱ्हांची चाकं

नाटे गावच्या सगुणाला तिच्या दिराने, हरिश्चंद्रने, टेम्पोतून उतरवलं ते अख्ख्या जेटीसमोर. बारा वर्षं तो टेम्पो चालवायचा आणि ही धारतळ्यापासून धाऊलवल्लीपर्यंत घरोघर मासळी विकायची. कुणाला सौंदाळा लागतो, कुणाची सून बाळंतीण, सारं तिला पाठ. त्या सकाळी पुढच्या सीटवर त्याची बायको कमळा बसलेली.

"वयनी, आता ही येनार. वाटा कळल्या तिला."

सगुणाने जहाजावरच्या नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सोड गो. भाऊ हाय माजा."

तिने फोन ठेवला आणि पडवीत गेली. तिथे नवऱ्याची जुनी मोटारसायकल दगडांवर उभी होती. चाकं हरिश्चंद्रनेच कधीतरी विकून खाल्लेली.

राजापूरच्या भंगारात तिला पुढचं चाक मिळालं ते अलॉयचं, बुटकं. मागचं कुठल्याशा मोठ्या गाडीचं, जाड तारांचं. रामा मेस्त्रीने कपाळाला हात लावला.

"काकी, ह्यांचं सूत जुळायचं नाय. हब रुंद, एक्सल जाड. चेन तिरकी पडंल."

"जुळव. मागं दोन क्रेट बसाया होयेत."

रामाने लेथवर बुश कातून आणले, तरी चेन दोनदा उतरली. शेवटी सगुणानेच जाळ्याची नायलॉन दोरी मागच्या टायरपासून पुढच्यापर्यंत ताणून धरली. "बघ, मागचं बोटभर डावीकडं हाय." वॉशर घातले, चाक सरकलं, चेन सरळ धावली. पुढून बुटकी, मागून उंच अशी ती गाडी मान खाली घालून शिंगं रोखलेल्या रेड्यासारखी दिसायची. सगुणाला ते फार आवडलं.

महिनाभर ती कातळावर चालवायला शिकली. गुडघे फुटले. पडली की हरिश्चंद्रचं नाव घेऊन उठायची, आणि ते काही देवाचं नाव घ्यावं तसं नव्हे.

नारळी पुनव झाली आणि ती सुरू झाली. टेम्पोत बर्फ भरला जाईपर्यंत ती लिलावातली पहिली पाटी उचलून सुटायची. टेम्पो रस्त्यावर भोंगा वाजवत थांबे. ही बागांमधल्या चिंचोळ्या वाटांनी थेट मागीलदारी. मासळी साफ करून देता देता दिराची गोष्ट सांगायची, दर घरी थोडी वाढवून. बायका हळहळायच्या आणि टेम्पोला लांबूनच हात हलवून 'घेतली' म्हणायच्या.

दिवाळीत कमळा दारात आली. "जाऊबाय, धाऊलवल्ली तरी आमाला सोडा."

सगुणा सुरी धूत होती. तिने मानही वर केली नाही. "उद्यापासून पयली तीच घेनार मी."

आणि घेतलीही. सगळ्यात लांबचा गाव, तरी.

शिमग्याच्या आत टेम्पो विकला गेला. हरिश्चंद्र जेटीवर एका दलालाकडे मासळी निवडायला बसू लागला. नवरा सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "पुरे आता. बोल त्याच्याशी."

दुसऱ्या सकाळी ती बोलली. बांगड्याच्या ढिगासमोर उभी राहून म्हणाली, "ह्यातले बारके काढा, भावोजी."

तो मान खाली घालून एकेक बांगडा बाजूला टाकू लागला. ऊन चढत होतं, सगुणाला उशीर होत होता. तरी शेवटचा बारका निघेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.