चेंबर तीनमध्ये एकजण आहे

या भुताखेतांच्या ग्रुपवर लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मी एक पाऊल पुढे जाऊन सांगतो, माझा अजूनही नाही. आमच्या सोसायटीतल्या एका फ्लॅटमध्ये 'रात्री कोणीतरी कण्हतं' म्हणून भाडेकरू टिकत नव्हते. मी जाऊन पाहिलं, तर बाथरूमच्या पाइपात हवा अडकत होती. प्लंबर आला, भूत गेलं. मालकाने मला साधा चहाही पाजला नाही. तेव्हा खालचा मजकूर एका अशा माणसाचा आहे जो आधी पाइप तपासतो, हे ध्यानात ठेवून वाचा.

मी वसई पश्चिमेला राहतो. छोट्या कंपन्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे कामणचं एक फळांचं गोदाम, वसई-भिवंडी रस्त्यावरून आत वळल्यावर निळ्या पत्र्याच्या शेड लागतात, तिथलं. तिथे सफरचंदं ठेवायची हवाबंद चेंबर्स आहेत. फळं भरली, दार लावलं की आत नायट्रोजन सोडतात. ऑक्सिजन इतका खाली आणतात की सफरचंद महिनोन्महिने झोपून राहतं. माणूस आत राहिला तर तोही झोपतो... फक्त उठत नाही.

म्हणून तिथे एक 'स्मार्ट सेफ्टी सिस्टिम' बसवलेली आहे, कार्ड लावून आत किती गेले आणि बाहेर किती आले ते मोजणारी. तिच्या उद्घाटनाला मी होतो. समई होती, फीत होती, डोक्यावर एक ड्रोन घोंगावत होता आणि त्याच्या वाऱ्याने समई तीनदा विझली. मालक देवेन सर यांनी भाषणात 'झीरो ह्यूमन एरर' हा शब्दप्रयोग इतक्या वेळा केला की शेवटी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या चुका व्हायला लागल्या. मागच्या रांगेत चेंबरचे जुने ऑपरेटर इनासकाका उभे होते. वसईजवळच्या सांडोर गावचे, घरची केळीची वाडी, गळ्यात क्रूस, पायात कायम गमबूट. त्यांनी हळूच मला विचारलं, "आणि कार्ड न लावता कोणी आत शिरला तर?"

मी म्हटलं, "काका, तो ह्यूमन एरर. तो आता झीरो झालाय."

काका हसले नाहीत. सिस्टिम आल्यावरही त्यांनी आपली जुनी पद्धत सोडली नाही. गॅस सोडण्याआधी दार पुन्हा उघडायचं, अंधारात तोंड घालून हाक मारायची. आत काम करणारी माणसं बहुतेक कामणचीच, म्हणून हाकही त्यांच्याच बोलीत – "कोन रायलंय काय आत?" मग 'नमो मारिया'ची प्रार्थना एकदा म्हणून होईपर्यंत थांबायचं. उत्तर आलं नाही की दार बंद. देवेन सर याला 'लेगसी प्रोसेस' म्हणायचे.

गेल्या ईस्टरनंतर काका गेले. झोपेतच, घरी. त्यांचं सर्व्हरवरचं 'inas' नावाचं खातं मीच काढून टाकलं. हाक मारायची पद्धत कोणी काढली नाही, ती आपोआप बंद पडली.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. वेगवेगळ्या प्रोग्रामना एकमेकांचा अंदाज यावा म्हणून कर्नल स्वतःजवळ एक आकडा ठेवतो, त्याला सेमाफोर म्हणतात. दारावर टांगलेली पाटी समजा. इथे प्रत्येक चेंबरची एक पाटी होती. कार्ड लावून आत गेलं की आकडा एकने वर, कार्ड लावून बाहेर आलं की एकने खाली. शून्य असल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. या पाट्यांचा एक विचित्र स्वभाव आहे – ज्या प्रोग्रामने पाटी टांगली तो मेला, तरी पाटी उतरत नाही. कोणीतरी मुद्दाम येऊन काढेपर्यंत ती तशीच लटकत राहते. पाट्या पाहायची कमांड ipcs, काढायची ipcrm.

त्या दिवशी दुपारी जेवून उठतोय तोच देवेन सरांचा फोन. "सुहासजी, चेंबर थ्रीचा गॅस स्टार्ट होत नाहीये. सिस्टिम म्हणतेय आत एकजण आहे. कोणी नाहीये. तुम्ही येऊन ते जे काय असतं ते क्लिअर करा."

मी स्कूटरने पोचलो. कंट्रोल रूम म्हणजे चेंबरच्या दारालगतची एक काचेची केबिन. तिथे सुपरवायझर सिल्व्हेस्टर बसला होता. हाही सांडोरचा, काकांच्याच हाताखाली शिकलेला. माल भरून झाला होता, पेट्या लावणाऱ्या बाया टेम्पोने घरी गेल्या होत्या, दार बंद होतं.

"आत बघितलंस?" मी विचारलं.

"दादा, दाराच्या काचेतून टॉर्च मारून बघितलं. पेट्याच पेट्या. पण कार्डांचा हिशोब बरोबर आहे. जेवढे आत, तेवढे बाहेर."

म्हणजे पाटीवर शून्य हवं होतं. होता एक.

मी ipcs मारलं. चेंबर तीनची ओळ आली आणि मी चष्मा पुसला. पाटीचा मालक म्हणून नाव होतं – inas.

हे होऊ शकत नाही. म्हणजे भावनेच्या भरात म्हणतो तसं नाही... खातं काढून टाकलेलं असेल तर ipcs नाव दाखवूच शकत नाही, नुसता नंबर दाखवतं. मी खातं आहे का ते विचारलं. सर्व्हर म्हणाला, असा कोणी वापरकर्ता नाही. पुन्हा ipcs. inas.

"काकांचं नाव कसं काय आलं?" सिल्व्हेस्टर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"कुठेतरी जुनं साठून राहिलं असेल," मी म्हटलं. कुठे, ते मलाही माहीत नव्हतं.

त्या एका पाटीचा तपशील काढला. त्यात दोन गोष्टी कळतात, पाटीला शेवटचा हात कोणत्या प्रोग्रामने लावला आणि कधी. प्रोग्रामचा जो क्रमांक दिसत होता, त्या क्रमांकाचा एकही प्रोग्राम मशीनवर चालू नव्हता. आणि वेळ होती... आत्ताची. मी कमांड पुन्हा दिली. वेळ पुढे सरकली होती. आकडा तोच, एक. पण जो प्रोग्राम नाहीच तो थोड्या थोड्या वेळाने येऊन पाटीला हात लावून जात होता. अजून आहे, अजून आहे, असं बजावून सांगावं तसा.

मी पाइप तपासणारा माणूस. कार्डरीडरची वायर काढली. वेळ सरकतच राहिली. सिस्टिमचा मुख्य प्रोग्राम बंद केला. तरी सरकतच राहिली. मग ipcrm देऊन पाटीच काढून टाकली. ओळ गेली. मी खुर्चीत मागे टेकलो, प्रोग्राम नव्याने चालू केला. त्याने नवी पाटी टांगली, नियमाप्रमाणे शून्याची. मी पाहत असताना ती एक झाली. मालक, inas.

तेवढ्यात देवेन सर आत आले. "काय झालं? किती वेळ? माल पिकायला लागेल."

"सर, सिस्टिम सांगतेय आत कोणीतरी आहे."

"ती चुकतेय."

"मग ती शून्य म्हणाली असती तर बरोबर असती का?"

"सुहासजी, फिलॉसॉफी नको. बायपास आहे ना? मॅन्युअल व्हॉल्व्ह आहे. उघडा."

व्हॉल्व्ह खरंच होता, केबिनच्या भिंतीवरच, लाल चाकाचा. सरांनी चाकाकडे बोट केलं आणि सिल्व्हेस्टरकडे पाहिलं. सिल्व्हेस्टर जागचा हलला नाही. तो पडद्याकडे टक लावून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतोयस?" मी विचारलं.

"थांबा ना दादा... आता परत बघा."

मी कमांड दिली. वेळ नुकतीच बदलली होती. त्याने पुन्हा पुटपुटायला सुरुवात केली, या वेळी मला शब्द ऐकू आले. नमो मारिया म्हणत होता तो, सावकाश, जुने लोक म्हणतात तसं. आमेन म्हणून त्याने बोट वर केलं. मी कमांड दिली. वेळ बदलली. पुन्हा म्हटलं. पुन्हा आमेनला बदलली.

एसी चालू असलेल्या त्या केबिनमध्ये, भर दुपारी, माझ्या दंडावर काटा आला. मी याचं कारण एसी असं लिहून ठेवतो.

"सर," सिल्व्हेस्टर उठून उभा राहिला, "मी दार उघडतो."

"गारवा जाईल सगळा!"

"जाऊ दे. मला नोकरीवरनं काढा, पण चाक मी फिरवणार नाही."

देवेन सर स्वतः चाकाकडे निघाले. मी मध्ये उभा राहिलो. शौर्य म्हणून नव्हे. केबिन अरुंद आहे आणि मी रुंद.

"सर, दार उघडून आत कोणी नाही दिसलं तर मी स्वतः चाक फिरवतो. आणि कोणी दिसलं, तर तुम्ही ते फिरवलं नव्हतं याचा तुम्हालाच आनंद होईल."

दार उघडलं. थंड हवेचा लोट आला, सफरचंदाच्या गोडसर वासाचा. सिल्व्हेस्टरने अंधारात तोंड घालून हाक मारली, अगदी काकांसारखी. "कोन रायलंय काय आत?"

काही नाही. तो थांबला. ओठ हलत होते. प्रार्थना संपली तरी काही नाही. सर म्हणाले, "बघा!" पण सिल्व्हेस्टर टॉर्च घेऊन थेट आत शिरला. पेट्यांच्या शेवटच्या थप्पीपलीकडे, भिंतीशी, जिथे काचेतून दिसायचा संबंधच नाही, तिथून त्याचा आवाज आला – "दादा! धावा! सुनंदामावशी!"

सुनंदामावशी पेट्या लावणारी बाई, कामणचीच. उलट्या क्रेटवर बसल्या बसल्या कलंडली होती. हात बर्फासारखे, पण श्वास चालू होता. आम्ही तिघांनी उचलून बाहेर उन्हात आणली. सरांनी तिच्यावर स्वतःचा कोट घातला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"पानी..."

साखर कमी झाली होती तिची. सकाळपासून उपाशी, उपास होता. चक्कर आली म्हणून जरा टेकली आणि तिथेच शुद्ध गेली. टेम्पोतल्या बायांना वाटलं ती भावाच्या गाडीने गेली. आणि कार्ड? बायांच्या दोन्ही हातांत पेट्या असतात. म्हणून एकजण कार्ड लावून दार धरते, बाकीच्या तिच्यामागून आत. बाहेर येतानाही तसंच. हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, फक्त सिस्टिमला नव्हतं. थोडक्यात, सुनंदामावशी आत गेल्याची नोंद कुठेही नव्हती. पाटीवर शून्यच असायला हवं होतं. शून्य असतं तर गॅस जेवणाच्या सुट्टीतच सुरू झाला असता आणि मला फोनसुद्धा आला नसता.

तिला दवाखान्यात पाठवलं. सिल्व्हेस्टरने अख्खं चेंबर पिंजून काढलं, या वेळी प्रत्येक थप्पीमागे जाऊन. कोणी नाही. मी पडद्यासमोर येऊन बसलो.

एक.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर फोनवर होते. सिल्व्हेस्टर उठला, उघड्या दाराशी गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि आत बघून, घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तसं म्हणाला –

"इनासकाका, भेटली ती. चला आता, बाहेर या."

मग बाजूला झाला. वाट द्यावी तसा.

मी कमांड दिली. शून्य.

आता स्पष्टीकरणं. रीडरमधला बिघाड? वायर काढलेली होती. प्रोग्रामची चूक? तो बंद होता. कोणी बाहेरून सर्व्हरमध्ये शिरून खोडी केली? नेटवर्कच्या नोंदी मी कितीदा चाळल्या, काही नाही. आणि अशा खोडकराला नमो मारिया किती वेळात म्हणून होते हे माहीत असायला हवं. चुकून आलेला एक आणि खरोखर आत राहिलेली एक, हा योगायोग असू शकतो. योगायोगावर माझा विश्वास आहे. पण शेवटच्या त्या शून्यापाशी माझी गाडी अडते ती अडतेच.

सुनंदामावशी आता बरी आहे, पिशवीत बिस्किटांचा पुडा ठेवते. हाक मारायची पद्धत पुन्हा सुरू झाली. देवेन सरांनी तिला 'व्हॉइस व्हेरिफिकेशन प्रोटोकॉल' असं नाव देऊन दारावर लॅमिनेट केलेला बोर्ड लावलाय, खाली स्वतःच्या सहीसह. सिल्व्हेस्टर बोर्ड वाचत नाही. हाक मारतो, टोपी काढतो, थांबतो.

मध्यंतरी कामणला लाईट गेली, बॅटरीही संपली, सर्व्हर पूर्ण बंद पडला. कर्नलच्या पाट्या मेमरीत असतात. वीज गेली की सगळ्या पुसल्या जातात, याला अपवाद नाही. मशीन पुन्हा चालू झाल्यावर मी घरून लॉगिन केलं आणि ipcs मारलं. बाकी चेंबरच्या पाट्या नव्या, रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या नावावर. चेंबर तीन – आकडा शून्य, मालक inas.

ती पाटी काढायला एका ओळीची कमांड पुरते. मी ती टाइपही केली होती. मग एकेक अक्षर मागे घेत खोडली आणि लॉगआउट केलं.